टोपणभर तांबडं औषध

मुलांनो, जरा डोळे मिटा. समजा, तुमच्या घरी दीड वर्षाचं बाळ तापानं फणफणलं आहे. औषधाची बाटली हातात आहे, पण किती पाजायचं तेच वाचता येत नाही. आता डोळे उघडा आणि मयूरीकडे बघा.

ही कर्नाटकातल्या जोयडा तालुक्यातल्या अणशी गावची पाचवीतली मुलगी. तिचा धाकटा भाऊ वासू आईच्या मांडीवर कण्हत होता. महेशकाकांनी जोयड्याच्या बाजारातून औषध आणलं होतं. आमच्याकडे औषधं रंगावरून ओळखतात: तापाचं तांबडं, खोकल्याचं काळं.

"वहिनी, तांबडंच हाय," काका म्हणाले. "आमच्या पोरीला, राखीला, टोपणभर पाजलं हुतं. यालाबी तेवढंच."

"राखी केवढी, वासू केवढा!" मयूरी म्हणाली. "थांबा काका, बाटलीवर लिवलेलं असंल."

लिहिलेलं होतंच. औषधाचं नाव अंगणातून दिसेल एवढं ठळक, शेजारी रसरशीत स्ट्रॉबेरी. आणि किती पाजायचं ते? मुंगीच्या पायांएवढ्या इंग्रजी अक्षरांत, तेही चकचकीत कागदावर. मराठी नाही, कन्नडही नाही. औषध विकायचं होतं की स्ट्रॉबेरी? आजारी माणसानं वाचावं असं ज्यांना वाटतं, ते असं छापतात का?

मयूरीनं काकांच्या मोबाईलनं फोटो काढला, बोटांनी ताणून मोठा केला आणि एकेक अक्षर जुळवत वाचलं.

"डॉक्टर सांगतील तेवढं द्यावं."

"आनि?"

"आनि काय न्हाई. एवढंच."

काका भडकले. "एवढ्यासाठी डोळे फोडून घेतले व्हय? दुकानदारानं तर डॉक्टरचं नावबी इचारलं न्हाई. पैसे घेतले नि बाटली दिली!"

"अंग लई तापलंय," आई रडवेली झाली. "अंदाजानं द्या थोडं."

काका टोपणात औषध ओतू लागले.

"अंदाज चुकला तर वासूला बाधंल, आये!" मयूरीनं बाटली आणि टोपण काढून घेतलं, टोपणातलं औषध परत ओतून ते घट्ट लावलं आणि रस्त्याकडे धावली. जोयड्याकडे निघालेल्या जीपला तिनं हात केला.

"शाळा बुडवून कुठं निघाली स्वारी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"दवाखान्यात. बाळाला ताप हाय. जरा थांबा," ती म्हणाली. मग घराकडे तोंड करून ओरडली, "आये, वासूला घेऊन ये!" आणि आई येईपर्यंत जीपचं दार धरून तिथंच उभी राहिली.