सिस्टरच्या मीटरवरचे चार युनिट

त्या उन्हाळ्यात सरकारने प्रत्येक घराला विजेचा वापर एक पंचमांशाने कमी करायला सांगितलं, आणि बाबांना ते आवाहन खास आपल्यालाच केल्यासारखं वाटलं. चौतीस वर्षं त्यांनी वीज कंपनीत मीटर वाचले होते. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणी काही वाचायला सांगितलं नव्हतं.

दुसऱ्याच दिवशी त्यांनी जिन्याखाली, मीटरच्या कपाटाशेजारी, एक फळा टांगला. बारा घरं, बारा ओळी. रोज सकाळी सातला रीडिंग घ्यायचं, कालचं वजा करायचं आणि उत्तर खडूने लिहायचं. सगळ्यांत लहान आकडा बहुतेक वेळा आमचाच असे. आमच्या ए.सी.ला बाबांनी जुन्या चादरीची खोळ घातली होती आणि ती सुतळीने बांधूनही टाकली होती.

समोरच्या घरात सिस्टर राहत. इस्पितळातून मुख्य परिचारिका म्हणून निवृत्त झालेल्या आणि आता वॉर्डात विरोधी पक्षाचं काम करणाऱ्या. बाबा सत्ताधाऱ्यांचे. सिस्टरनी फळ्याशेजारी एक कागद चिकटवला: ‘आधी मंत्र्यांच्या बंगल्यातले दिवे मोजा.’

“काय मंत्रिमहोदय, आज किती अंधार पाडलात?” त्या जिन्यात विचारत.

“तुमच्या कागदावर पडेल एवढा तरी पाडला,” बाबा म्हणत.

गंमत म्हणजे सिस्टरचा आकडाही लहानच असे. कागद पक्षाचा होता, सवयी त्यांच्या स्वतःच्या होत्या.

माझं लक्ष मात्र वेगळ्या आकड्याकडे होतं. हिवाळ्यात आईचं हृदय अशक्त झालं होतं. तिला शरीरातलं पाणी कमी करणाऱ्या गोळ्या चालू होत्या, आणि अशा माणसाला उष्मा लवकर लागतो. दुपारी खोली अठ्ठावीस अंशांच्या वर जाऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी तापमापक तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते, त्यामुळे अंदाजावर माझं भागत नाही. आईच्या खोलीत दुपारी तीनला अडतीस अंश होते.

“बाबा, पंखा हवा थंड करत नाही. तो नुसता घाम वाळवतो.”

“चौतीस वर्षं विजेत काढलेल्या माणसाला पंखा शिकवतेस?”

“दुपारचे चारच तास लावू. खोळ काढते मी.”

“अगं, रविवारी पक्षाचे वॉर्ड अध्यक्ष येणार आहेत फळ्याचा फोटो काढायला. शहरभर दाखवणार आहेत आपली इमारत. आणि माझाच आकडा वर गेला तर मी कुठल्या तोंडाने उभा राहू?” मग ते आईकडे वळले. “तुला फार होतंय का गं?”

“छे हो,” आई म्हणाली. तिचे ओठ कोरडे पडले होते.

सोमवारपासून आई दुपारी वाचनालयात जायला लागली. जेवण आटोपलं की एकला निघे आणि पाचच्या सुमाराला परत येई. बाबा खूश झाले. वाचनालयाच्या भिंती जाड आहेत आणि तिथे बसल्याने आपला पंखाही वाचतो, असं त्यांनी मला दोनदा सांगितलं.

बुधवारी मी लवकर घरी आले. आईच्या चपला सिस्टरच्या दाराबाहेर होत्या. मी बेल वाजवायच्या आत दार उघडलं.

“हळू,” सिस्टर म्हणाल्या. “आत्ताच डोळा लागलाय तिचा.”

आत पडदे ओढलेले होते. जुना ए.सी. घुरघुरत होता. आई सिस्टरच्या पलंगावर कुशीवर झोपली होती, आणि तिच्या मनगटाजवळ सिस्टरचं घड्याळ ठेवलेलं होतं.

“रविवारी जिन्यात भोवळ आली होती तिला. मी धरलं म्हणून बरं. तुझ्या बापाला कळू द्यायचं नाही म्हणाली.”

आमच्या बोलण्याने आई जागी झाली. मी तिच्यावर जरा चिडलेच. “आई, सरळ सांगत का नाहीस त्यांना? तू ‘हो’ म्हणाली असतीस तर त्यांनी स्वतः खोळ फाडली असती.”

“माहीत आहे,” आई म्हणाली. “म्हणून तर नाही सांगितलं. आयुष्यभर हा माणूस दुसऱ्यांचे आकडे बघत दारोदार फिरला. कोणी पाणीसुद्धा विचारायचं नाही. आता पहिल्यांदा लोक थांबून ह्यांचा आकडा बघतायत. रविवारपर्यंत होऊ दे ना.”

“आणि खर्च होतोय तो विरोधी पक्षाचा,” सिस्टर म्हणाल्या. “तुझ्या आईला राजकारण बरं कळतं.”

फळ्याला मात्र सगळं दिसत होतं. सिस्टरच्या ओळीत तीनच्या जागी सात आला. दुसऱ्या दिवशीही सात. तिसऱ्या दिवशी बाबांनी त्याभोवती लाल खडूने गोल काढला.

“बघितलंस? नेमका फोटोच्या आठवड्यात! इमारतीची बेरीज बिघडवायची म्हणून मुद्दाम जाळतायत. वरून आदेश असणार.”

रविवारपर्यंत काही सांगणार नाही, असा शब्द मी आईला दिला होता.

शनिवारी दुपारी बाबा स्टूल घेऊन मीटरच्या कपाटासमोर बसले. मी पाण्याची बाटली घेऊन शेजारी पायरीवर बसले. एक वाजून दहा मिनिटांनी सिस्टरच्या मीटरवरचा लाल दिवा भराभर लुकलुकू लागला.

“मिनिटाला चौसष्ट,” घड्याळ बघत बाबा म्हणाले. “एक टनाचा ए.सी., जुना. ठरवून लावतात बघ. एक दहा!”

त्यांनी वेळ वहीत लिहिली. घाम पुसत ते बसून राहिले. साडेतीनला दिवा एकदम मंदावला. बाबांनी पुन्हा घड्याळ पाहिलं, मग वही पाहिली, आणि त्यांच्या कपाळाला आठी पडली.

“हे जुळत नाही,” ते स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले. “आता तर सगळ्यांत जास्त तापलंय. ज्याला वीज जाळायची आहे, तो आत्ता बंद करेल?” वहीची पानं मागे उलटत ते म्हणाले, “सोमवारपासून सुरू झालंय हे.”

मी बाटलीचं झाकण फिरवत राहिले. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “सोमवारपासून,” ते पुन्हा म्हणाले आणि उठले. तीन मजले ते न थांबता चढले. मी मागोमाग गेले.

सिस्टरनी दार उघडलं. “या. धाड का?”

आई पलंगावर बसून केस बांधत होती. बाबांनी जवळ जाऊन तिच्या कपाळाला हात लावला, मग गालाला. दोन्ही गार होते. हात तसाच ठेवून ते उभे राहिले.

“मी विचारलं होतं तुला,” ते म्हणाले.

“लेकीसमोर विचारलंत, अहो. रविवारच्या फोटोचं सांगून झाल्यावर.”

बाबा खुर्चीत बसले. सिस्टर म्हणाल्या, “लाल गोल छान जमलाय हं तुम्हाला.”

“पुसतो,” बाबा म्हणाले. “माफ करा.”

रविवारी सकाळी फळ्यावर आमची ओळ अशी होती: ‘स्वतःचे २, सिस्टरच्या मीटरवरचे आमचे ४. एकूण ६.’ सिस्टरच्या ओळीत तीन होते. गेल्या पाच दिवसांचे आकडेही बाबांनी तसेच दुरुस्त केले होते. आम्ही पहिल्या क्रमांकावरून नवव्यावर आलो होतो.

अध्यक्ष दहाला आले. त्यांनी फोन वर धरला आणि पुन्हा खाली घेतला. “काका, हे काय? ते चार तिकडेच राहू द्या की. बेरजेला काय फरक पडतो? शिवाय त्या सिस्टर विरोधी पक्षाच्या. उलट बरंच आहे!”

“वापरले आम्ही,” बाबा म्हणाले. “दुसऱ्याच्या घरावर रीडिंग टाकलं नाही मी कधी. घ्या फोटो.”

“पण लोक विचारतील ना, फळा लावणाऱ्याच्याच घरात सहा कसे!”

“सांगा त्यांना. बायकोला बरं नाही, तिला गारवा लागतो. बाकीच्यांनी वाचवायचं ते अशांना मिळावं म्हणूनच ना? नाहीतर कशाला वाचवायचं?”

अध्यक्षांनी विचार करतो असा चेहरा केला. जिन्यावर उभ्या असलेल्या सिस्टरना बहुधा काही टोला हाणायचा होता, पण त्यांनी बाबांकडे बघून नुसती मान डोलावली.

तेवढ्यात आई कठड्याला धरून सावकाश खाली आली. चष्मा लावून तिने आमची ओळ वाचली. एकदा वाचली, दोनदा वाचली.

“अहो, कालचे चार नाहीत,” ती म्हणाली. “काल मी साडेतीनलाच उठले होते. अडीच लिहा.”

बाबांनी वही काढली, मनातल्या मनात हिशेब केला आणि मान हलवली. “बरोबर आहे तुझं. सवयीने रोजचेच चार धरले मी,” म्हणत त्यांनी चार पुसला.