विभूती लावलेलं यंत्र

कंप्यूटरच्या डब्यावर विभूतीचे तीन पट्टे होते आणि मधला जरा लांब होता. दर दसऱ्याला सासरे ईश्वरअप्पा ते बोटांनी ओढत, शेजारच्या माती तपासायच्या यंत्रावरही. झरी गावात सुनेसाठी, शिवरंजनीसाठी, ही लॅब त्यांनीच हौसेने थाटली होती.

नवी सिस्टिम टाकण्याआधी शिवरंजनीने ती कंप्यूटरला पेलेल का, ते नीट पाहिलं होतं. यंत्राचं जुनं सॉफ्टवेअर तिच्यावर चालेल का, हे पाहायचं मात्र राहून गेलं. आता यंत्राचा दिवा लागत होता, पण पडद्यावर एकही आकडा उमटत नव्हता. जुनी सिस्टिम परत टाकून आणखी काही महिने ओढता आले असते. त्या ओढण्याचाच तिला थकवा आला होता.

"पुन्हा विभूती लावू का?" अप्पांनी विचारलं.

"लावा. पण दोघांचं आता जमंना गेलंय, अप्पा."

"मग सोडचिठ्ठी दे की त्यांना," अप्पा हसले.

ती हसली नाही. परभणीचं कॉलेज दर जूनला तिला शिकवायला बोलवायचं, आणि अप्पांना वाईट वाटेल म्हणून ती उत्तर टाळायची. तिने यंत्राची वायर काढून हळूहळू गुंडाळली.

"अप्पा, लॅब बंद करू. मी कॉलेजात शिकवायला जाते."