दोन बोटांची पट्टी

"भगवंतभाऊ, राहू द्या. डोकं करायचं नाही," वर्षाली सिस्टर म्हणाली.

भगवंतनं तोवर टॉवेल झटकून पार्बताबाईच्या खांद्यावर टाकलासुद्धा होता. उद्या तिच्या मेंदूतली गाठ काढायची, म्हणजे आज संध्याकाळी डोकं साफ. अमरावतीच्या या दवाखान्याचा न्हावी म्हणून तेवीस वर्षं तो हेच करत आला होता. डॉक्टर कितीही मोठा असो, पेशंटच्या डोक्याला पहिला हात आपला, असं भगवंत ऐटीत सांगायचा.

सिस्टरनं समजावलं. पेशंट लवकर सुधारून घरी जावा म्हणून आता सगळंच बदललं होतं. रात्रभर उपाशी ठेवायचं नाही, दुसऱ्याच दिवशी उठवून चालवायचं, पाचव्या दिवशी घरी. केसांची तर दोन बोटं रुंद पट्टी तेवढी काढायची, तीही सकाळी मशीननं. मोर्शीला फुलं विकणारी पार्बताबाई हे ऐकून आपली कंबरेएवढी वेणी चाचपत राहिली. मीटिंगमध्ये हे सांगितलं होतं म्हणे. भगवंत तेव्हा चहाचे कप उचलत असणार.

पोटावर पाय आला नव्हता; त्याला ट्रॉली ढकलायचं काम दिलं होतं. पण तो डॉक्टर मॅडमच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

"मॅडम, पयले बी एवढीच पट्टी पुरली असती का?"

मॅडमनी चष्मा काढला. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"पुरली असती, भाऊ. पण तेव्हा आम्हाला तसं वाटत नव्हतं."

अकरा वर्षांपूर्वी याच वॉर्डात त्याची बायको, सुंदरा, डोक्याच्या ऑपरेशनआधी अशीच बसली होती. दुसऱ्या कोणाचा हात नको म्हणून वस्तरा त्यानंच घेतला. "सारेच नका काढू," ती म्हणाली होती. "डॉक्टरपेक्षा तुले जास्त समजते का?" असं तो खेकसला, कारण नाहीतर रडला असता. मग तिनं आरसा मागितला. डोकं केल्यावर पेशंटला आरसा दाखवायचा नाही, हा भगवंतचा नियम होता. "बरी झाली म्हंजे दाखवतो," तो म्हणाला. नवव्या दिवशी ती गेली.

ती केसांमुळे गेली नव्हती, हे त्याला कळत होतं. तरी मॅडमचं उत्तर जिव्हारी लागलं. घरी येऊन त्यानं भात टाकला आणि खायचं विसरला. ही गोष्ट सांगावी असं एकच माणूस होतं, ती सुंदरा. त्याला फार एकटं वाटलं.

पाचव्या दिवशी पार्बताबाईला सुट्टी झाली. तिचा मुलगा सुट्टीचे कागद आणायला गेला होता. भगवंत चाकाची खुर्ची घेऊन आला. सवयीनं त्याची हजामतीची पेटी अजून बरोबरच असायची. बाईनं ती पाहिली.

"भाऊ, आरसा हाये का तुमच्यापाशी?"

भगवंतनं पेटी उघडली. वस्तऱ्याखालून, टॉवेलाच्या घडीतून आरसा काढला आणि तिच्यासमोर धरला. कानामागच्या पट्टीला अजून मलमपट्टी होती. ती सोडून बाकीचे केस पार्बताबाईनं हळूहळू विंचरले.

"सारे हायेत ना?"

"हायेत, बाई."

मुलगा कागद घेऊन आला. "बाहेर जीपवाला ओरडून राहिला," म्हणाला. बाईची वेणी अर्धीच झाली होती. भगवंतनं त्याला हातानंच थांबवलं आणि पुन्हा दोन्ही हातांनी आरसा धरून उभा राहिला.