ज्ञानदेवचं अक्षर वाचणारी काच

मी एक काच बोलतेय. चिंचवडच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतली. डीएनए वाचायचं काम माझ्याकडे होतं.

ऐंशी साली भोसरीच्या एका कारागिराने मला आणि माझ्या बहिणीला एकाच मोठ्या काचेतून कापलं. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या कस्तुराने आमच्या कडांवरून बोट फिरवलं आणि आम्हाला पसंत केलं.

कस्तुराचे वडील साहेबराव बासष्ट साली भंडाऱ्याहून पिंपरीच्या कारखान्यात आले. कस्तुरा त्या घरातली पहिली एम.एस्सी. धाकटा भाऊ ज्ञानदेव कारखान्यात लेथवर टर्नर होता आणि त्याला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकायच्या. सांधे दुखायला लागले, की तो उशी दातात धरायचा. डीएनएतलं एक अक्षर बदललं, की हा आजार होतो, हे परदेशात कळलं होतं. कस्तुराला भावाचं ते अक्षर स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. प्रयोगशाळेच्या साहेबांनी सांगितलं, "कंपनीचं काम आटपून कर."

आम्हा बहिणींना समोरासमोर उभं करून मधल्या फटीत कस्तुरा जेल ओतायची, ती खरवसासारखी थिजायची. वर चार खाचा, डीएनएच्या ए, टी, जी, सी या चार अक्षरांसाठी. वीज सोडली, की ज्ञानदेवच्या रक्तातून काढलेल्या डीएनएचे लहान तुकडे पुढे पळायचे, मोठे मागे रेंगाळायचे. मग एकीला उचलून दुसरीवरच्या जेलवर एक्स-रेची फिल्म ठेवायची. किरणोत्सारी खूण लावलेल्या तुकड्यांच्या काळ्या रेघा फिल्मवर उमटायच्या. खालून वर वाचत गेलं, की अक्षरं लागायची. पण कधी जेलमध्ये बुडबुडा निघे, कधी रेघा फिसकटत. वर्ष गेलं.

ज्ञानदेव एकदा डबा द्यायला आला.

"ताई, वाचलंस का मला? शेवट काय हाय?"

"गप रे! आधी अक्षरं तर नीट दिसू देत."

अखेर एक जेल सुरेख उतरली. फिल्म लावून कस्तुराने मला अंधाऱ्या, थंड पेटीत ठेवलं आणि बहिणीला धुवायला घेतलं. तेवढ्यात शिपाई भिमाजी धावत आला. "कस्तुराताई, गेटवर फोन हाय. भावाला दवाखान्यात नेलंय." घाईत तिने बहिणीला बेसिनच्या कडेला टेकवलं. पेटीतून मला फक्त ती फुटल्याचा आवाज ऐकू आला.

किती दिवस अंधारात होते, कळलं नाही. पेटी उघडली तेव्हा कस्तुराचे डोळे सुजलेले होते. ज्ञानदेव गेला होता. कस्तुरासोबत तिची आई चतुराबाई आली होती. कस्तुराने फिल्म धुऊन उजेडात धरली. रेघा स्वच्छ होत्या.

"हे बघ आई. इथं ए पाहिजे होता. टी आलाय."

आईने पदराने चष्मा पुसला. "एवढंच चुकलं होतं? मंग खोडून नीट काऊन नाही लिवलं, बाई? तुले त लिवता येते ना?"

"वाचता येतं गं आई. खोडता येत नाही अजून कुणाला."

आई खाली बसली. तिला धरून कस्तुरा हमसून हमसून रडली. पुढच्या महिन्यात तिने नोकरी सोडली.

आता मी स्टोअरच्या टेबलावर आडवी पडून असते. माझ्यावर चहाच्या कपाचे गोल डाग पडतात. एकट्या काचेत जेल ओतता येत नाही.

कुणी असाल तर मला जोडीदार द्या, पुन्हा उभं करा. आणि वाचाल ते, बाबांनो, पोर हयात असताना वाचा.