बिनमुंडक्याचा पहारा

हवालदार उदयसिंह फौजेतून निवृत्त झाले तरी त्यांची मिशी काही निवृत्त झाली नव्हती. तीच मिशी त्या ऑगस्टात त्यांनी साऱ्या गावापुढं पणाला लावली, आणि तीही सूनबाईच्या भरवशावर!

त्यांचं गाव सांगलीच्या वरच्या अंगाला, कृष्णेकाठी. गावच्या नळाची मोटर नदीत. पूर यायच्या आत ती काढली नाही तर बुडते, आणि उगाच काढली तर घरोघरचे नळ कोरडे. मागच्या पुरात ती बुडाली, आणि दारात नदी असून गाव टँकरचं पाणी प्यायलं. मोटर सांभाळायला गुंडा नावाचा गडी होता, त्यानं तेव्हापासून धसकाच घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणीही 'कोयनेचे दरवाजे उघडले' असं ठोकून द्यावं, की हा दोर घेऊन नदीवर हजर.

सून राजेश्वरीचं माहेर कोयनानगर. धरणाचा भोंगा ऐकत वाढलेली पोर. ती घरूनच लॅपटॉपवर काम करायची, पण बघणाऱ्याला दिसायचं काय, तर काळ्या पडद्यावर बारीक अक्षरं. सूनबाई काय करते असं कुणी विचारलं, की हवालदार म्हणायचे, घरीच असते.

या घरी असणाऱ्या पोरीनं एक प्रोग्रॅम लिहिला. तो आपला आपण ब्राउझर उघडायचा, धरणांच्या माहितीचं पान काढायचा, त्यात कोयना निवडायचा आणि किती पाणी सोडलंय ते वाचायचा. पुन्हा पुन्हा, रात्रंदिवस. दरवाजे उघडले की हवालदारांना फोन. हवालदार पडद्यापुढं बसून राहिले, पण काही म्हणजे काही हलेना. ब्राउझर कुठाय, त्यांनी विचारलं. तो दिसत नसतो, ती म्हणाली, त्याला हेडलेस म्हणतात. मुंडकं नाही, पण कामाला वाघ.

हवालदारांना हसू फुटलं. वेशीत त्यांच्या घराण्याचा वीरगळ आहे, मुंडकं उडालं तरी ज्याचं धड लढत राहिलं त्या पूर्वजाचा. आलेल्या पाहुण्याला आधी तो दगड दाखवायचा, मगच चहा, हा त्यांचा शिरस्ता. असलं काम आमच्यात एकानंच केलंय, ते म्हणाले. थट्टेत म्हणाले, पण पोरीवर विश्वास टाकला.

मग तो दिवस आला. सकाळीच अफवा उठली, गुंडा माणसं घेऊन निघाला, आणि हवालदार वाटेत आडवे उभे राहिले.

"सूनबाईचा फोन न्हाई, म्हंजी दरवाजं बंद हायती. मोटर बुडली तर मिशी उतरवीन."

माणसं परतली. गुंडा कसला परततोय! दुपारी तो ते मशीन बघायला थेट घरी आला. राजेश्वरी चुलतबहिणीच्या साखरपुड्याला साताऱ्याला गेलेली, गावात लाईट नाही, आणि लॅपटॉप कपाटात मिटलेला. हवालदारांनी बटण दाबून पाहिलं. ढिम्म.

"आवं हवालदार, ह्ये तर मेलंय," गुंडा म्हणाला.

 हवालदारांनी सुनेला फोन लावला, लागेना. मिशी गेली तर गेली, पण गावाचं पाणी? पोरीवर भरवसा टाकून आपणच गाव बुडवलं की काय! त्यांनी मान खाली घातली, मोटर काढ म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात फोन वाजला. राजेश्वरीचा आवाज होता. आबा, कोयनेचे दरवाजे आत्ताच उघडले, मोटर काढा. पोरी, कुठं हायस तू, हवालदार विचारू लागले, तर आवाजानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. तो तिनं आधीच भरून ठेवलेला निरोप होता.

गुंडा दोर उचलून पळालाच. दिवस मावळायच्या आत मोटर काठावर आली, आणि दुसऱ्या दिवशी तिच्या जागेवरून गढूळ पाणी धो धो वाहत होतं.

राजेश्वरी परतल्यावर उलगडा झाला. प्रोग्रॅम लॅपटॉपात नव्हताच. लांब कुठल्याशा भाड्याच्या कॉम्प्युटरवर चालत होता. ती साताऱ्यात जेवणाची पंगत वाढत होती, तेव्हाही तो जागाच होता.

पूर ओसरला. मोटर पुन्हा नदीत बसली आणि नळ वाहते झाले. पलीकडच्या गावचे बिराप्पा मोटर कशी वाचली ते विचारायला आले. वेशीत पोचताच ते सवयीनं वीरगळाकडं वळले. हवालदारांनी त्यांचा हात धरला.

"दगड मागनं बघू. आमच्या घराण्यात आता दोन धडं लढल्यात. दुसऱ्या धडाची धनीण घरात हाय, आदी तिला भेटा."