शांतवनच्या तोंडाचा गुण

"विठ्ठलराव, आज ते बोलनार न्हाईत," मार्था दार अडवून म्हणाली. "डॉक्टरनी आवाज राखायला सांगितलाय. उद्या आपरेशन हाय."

"म्हनून तर आलोय, वहिनी. उद्यापास्नं त्यांना बोलता यायचं न्हाई म्हनत्यात. परवा आमची बोर मारायचीय. दोन शब्द बोलू द्या की."

आतून खाटेवरून शांतवनने हात हलवून विठ्ठलरावांना बोलावलं, आणि मार्थाचा नाइलाज झाला.

काहींच्या हाताला गुण असतो, शांतवनच्या तोंडाला होता, असं सगळं उरवडे गाव म्हणायचं. उभी हयात त्याने कंपनीच्या गेटवर वॉचमनकी केली. पाळीवर येणाऱ्या प्रत्येकाला, मग तो देवळात जाणारा असो, विहारात जाणारा असो की कुठंच न जाणारा, "नीट काम कर, देव तुझ्यासंगं हाय," एवढं म्हटल्याशिवाय तो आत सोडत नसे. हळूहळू लोक त्याच्याकडे नवी रिक्षा घेऊन येऊ लागले, आजारी म्हैस घेऊन येऊ लागले, दहावीची पोरं परीक्षेला जाताना त्याच्या दारावरून जाऊ लागली. तो डोळे मिटून, डोक्यावर नाहीतर टपावर हात ठेवून, शेजाऱ्याशी बोलावं तसं देवाशी बोलायचा. पुढे बोअरला पाणी लागायचं की नाही ते देव जाणे, पण आलेला माणूस हलका होऊन जायचा.

घरात मात्र या गुणाचा जाच होता. तोंडातून सुटलेला शब्द कुठंतरी जाऊन बसतोच, असं त्याचं म्हणणं. त्यामुळे दूध उतू गेलं तरी मार्थाला "मेलं" म्हणायची सोय नव्हती. "लगीन झाल्यापास्नं मला धड शिवी देता आली न्हाई," असं ती चर्चच्या मंडळीतल्या बायकांना सांगायची आणि त्या हसायच्या.

आता त्याच गळ्यात गाठ निघाली होती. माणूस वाचेल, पण आवाज जाईल, असं डॉक्टर स्पष्ट म्हणाले होते.

आणि सगळ्या गावाला पुरलेला हा आवाज एकाच माणसाला मिळाला नव्हता. त्याच्या मुलीला, स्नेहलला.

त्यांच्या घरात लेक सासरी निघताना बाप तिच्या डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद बोलायचा, मगच ती उंबरा ओलांडायची. शांतवनच्या बहिणी तशाच गेल्या होत्या. स्नेहलने मात्र घरी न सांगता प्रमोदशी कोर्टात लग्न केलं. प्रमोद पिरंगुटच्या बौद्ध घरातला, तिच्याच ऑफिसातला. दोघं पाया पडायला आली तेव्हा शांतवनने हात मांडीवरून उचललेच नाहीत.

"मनात न्हाई ते ओठावर आनू? देवापुढं खोटं बोलू?" तो नंतर मार्थाला म्हणाला होता.

शाप द्यायचा माणूस तो नव्हताच. चांगलं बोललो नाही, पण वाईटही बोललो नाही, यावर त्याने समाधान करून घेतलं होतं. जावयाचं नाव मात्र त्याने कधी तोंडातून काढलं नाही. काल पहिल्यांदाच त्याने आपण होऊन फोन केला. "येशील का उद्या? तू आन... ते."

स्नेहल दुपारी येणार होती, म्हणून मार्था सकाळपासून दारात राखण करत होती. पण विठ्ठलरावांमागून रिक्षावाला आला, त्याच्यामागून बाळंतपणाला माहेरी निघालेली शेजारची पारू आली, आणि शांतवन कुणालाच परत पाठवेना. कोरड्या रहाटासारखा त्याचा आवाज कुरकुरायला लागला. पारू गेल्यावर मार्थाने दार लावून घेतलं.

"समद्या गावाला वाटताय. पोरीला काय ठेवाल?"

त्याने तोंड भिंतीकडे फिरवलं.

"तुमाला भ्या वाटतंय तिचं. आवाजच उरला न्हाई म्हंजी बोलायला नको, असंच ना?"

शांतवनने मान खाली घातली. मार्थाला त्याचा राग आला होता, आणि त्याहून जास्त कीव आली. तिने पुढे काही न बोलता त्याला कोमट पाणी दिलं.

शहरातून निघून, चांदणी चौकातल्या गर्दीत अडकून स्नेहल आली तेव्हा चार वाजून गेले होते. ती खाटेजवळ जमिनीवर बसली. प्रमोद चपला काढून दारातच उभा राहिला.

"पप्पा, दुखतंय का?"

त्याने नाही म्हणून मान हलवली. मग स्नेहलच बोलली.

"तुम्ही विठ्ठलकाकांच्या म्हशीला आशीर्वाद दिलात, पप्पा. मला शिव्या दिल्या असत्या तरी चाललं असतं. पण तुम्ही काहीच बोलला नाहीत. मी अजून घराबाहेर पडताना उंबऱ्यात थांबते. का थांबले, ते माझं मलाच कळत नाही."

शांतवनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला वाटलं, वाईट बोललो न्हाई म्हंजी झालं," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "चुकलं माजं."

त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि डोळे मिटले. ओठ उघडले, पण आवाज फुटेना. त्याने पाण्याचा घोट घेतला, पुन्हा प्रयत्न केला. काही नाही. मग डोळे उघडून तो दाराकडे बघत राहिला. घशात जे काही उरलं होतं ते त्याने जिवाच्या आकांताने वर ओढलं.

"प्रमोद, हिकडं ये."

चार भिंतींनी हे नाव त्याच्या तोंडून प्रथमच ऐकलं. प्रमोद गोंधळून पुढे आला. "मला यातलं काही येत नाही, मामा."

"बस खाली," मार्था म्हणाली. "तुला काय बी करायचं न्हाई."

शांतवनने दुसरा हात त्याच्या डोक्यावर ठेवला आणि बोलायला लागला. नुसते ओठ हलत होते आणि श्वासाची सळसळ ऐकू येत होती. दोघं मान खाली घालून बसली होती. कुठं पोचलंय आणि कधी संपणार, हे त्यांना कळायला काही मार्ग नव्हता.

मार्थाला होता. लग्न झाल्यापासून रोज रात्री ती ही प्रार्थना ऐकत आली होती. तो आभार कुठं मानतो, मागणं कुठं मागतो आणि येशूच्या नावाआधी श्वास घ्यायला कुठं थांबतो, हे तिला पाठ होतं. ती त्याच्या ओठांकडे बघत राहिली. तो थांबला, त्याने श्वास घेतला, ओठ शेवटचे हलले.

"आमेन," मार्था मोठ्याने म्हणाली.