पेंढा न भरलेली केळ

केळ गुंडाळायची ती नोव्हेंबरात. पहिल्या कडक थंडीनं पानं काळी पडली की ती छाटायची, उरलेल्या बुंध्याभोवती कोंबड्यांची जाळी उभी करायची, जाळीत पेंढा ठासून भरायचा, वरून पांढरं कापड गुंडाळायचं आणि पाऊस आत शिरू नये म्हणून डोक्यावर पत्र्याचं झाकण ठेवायचं. विल्फ हे खिडकीतून सांगायचा आणि त्याची बायको ग्लेनिस करायची. गुडघे गेल्यापासून विल्फनं बागेत पाऊल टाकलं नव्हतं, पण बाग त्याचीच. यॉर्कशायरातल्या त्या चढावरच्या गल्लीत सगळे तिला विल्फचं जंगल म्हणत. पेंढ्यानं हात सोलून निघायचे ते मात्र ग्लेनिसचे.

काचेवर काठी एकदा वाजली म्हणजे इकडे ये. दोनदा वाजली म्हणजे चुकतेयस.

"अगं, दाबून भर! गोंजारतेस काय त्याला?"

"तूच ये आणि दाब."

"गुडघे दे, येतो."

दर उन्हाळ्यात एका रविवारी बाग लोकांना खुली असे. वर्गणी धर्मादायाला, चहा-केक ग्लेनिसचा. माणसं यायची, केळीखाली उभी राहून फोटो काढायची, सोनटक्क्याचा वास घ्यायची. "इथे, ह्या गारठ्यात केळ! विल्फ, कमाल आहे रे तुझी!" मग विल्फ उघड्या खिडकीतल्या खुर्चीत ताठ बसून झाडांवर भाषण द्यायचा. तेवढ्या वेळात ग्लेनिस स्वयंपाकघरात कपबश्या विसळत असायची. लग्नाला उभा जन्म लोटला, पण ते भाषण तिनं एकदाही पुरतं ऐकलं नव्हतं. चहाची वेळ आणि भाषणाची वेळ एकच. कमाल विल्फची, खरकटं हिचं. आणि ह्यात कुणाला काही वावगं दिसलं नाही, ते एक बरं.

समुद्रकाठी ब्रिडलिंग्टनला तिची धाकटी बहीण एव्हिस राहायची. एव्हिसच्या वरच्या मजल्यावरची जागा रिकामी होणार होती. दोन खोल्या, खिडकीत समुद्र, आणि माती म्हणाल तर कुंडीभरसुद्धा नाही. ग्लेनिसला सगळ्यात जास्त हेच आवडलं होतं.

"घरमालकाला मी थोपवून धरते," एव्हिस फोनवर म्हणाली. "पण उन्हाळ्यापर्यंतच हं, ताई. त्यापुढे नाही."

त्याच संध्याकाळी जेवताना ग्लेनिसनं विषय काढला.

"ब्रिडलिंग्टन?" विल्फनं काठी बागेकडे रोखली. "आणि ह्यांचं काय?"

"झाडं आहेत ती, विल्फ."

"ही मेली की जाऊ. वसंतात इथे काही म्हणजे काही उगवलं नाही ना, तर त्याच दिवशी मी माझ्या हातानं बॅग भरीन."

"शब्द?"

"शब्द," तो म्हणाला आणि हसून बटाट्यांवर रस्सा ओतून घेतला. आपल्या झाडांवर त्याचा केवढा भरवसा! बायकोच्या कष्टावर तर त्याहून मोठा.

ग्लेनिसनं त्या नोव्हेंबरात जाळी उभी केली, कापड गुंडाळलं, दोरी आवळली. पेंढा भरला नाही. पेंढ्याची गासडी छपरीत तशीच बांधलेली राहिली. नेच्याच्या झाडाचंही तेच केलं. पुरुषभर उंच, केसाळ बुंध्याचं ते झाड विल्फनं तारुण्यात हौसेनं आणलेलं. त्याचा जीव शेंड्यात असतो. शेंड्याच्या वाटीत पेंढा कोंबून, जुनी पानं वर दुमडून झाकायचं असतं. तिनं वाटी उघडी ठेवली आणि वर नुसतं कापड बांधलं. झाकणंही अशी तिरकी बसवली की पावसाचं पाणी सरळ आत. सोनटक्का आणि कर्दळीच्या गड्ड्यांवर पालापाचोळ्याची जाड गादी घालायची असते, तिथे चिमूटभर पाला भुरभुरला.

मग राहिलं कागदाचं झाड, ज्याच्या गाभ्याचा कागद करतात ते. छत्रीएवढी पानं, आणि पानांवर असली बारीक लव की जवळ गेलं की घसा धरायचा. ग्लेनिसचा खोकला वर्षभर जायचा नाही तो ह्याच्यामुळे. ते छपरीमागे होतं, खिडकीतून न दिसणारं. त्याच्यावर तिनं सगळा राग काढला. फावडं घेतलं आणि मुळं सापडतील तिथे तोडली. इथे घाव, तिथे घाव. घाम फुटेस्तोवर.

"यंदा लवकर आटपलंस की," भिंतीपलीकडून शेजारचा क्लाइव्ह म्हणाला.

"सवय झाली आता," ग्लेनिस म्हणाली.

जानेवारीत थंडी आली ती दात विचकत. लोक नळ गोठले म्हणून रडत होते आणि ही बाई सकाळी उठून खिडकीवरचा बर्फ नखानं खरवडून बघायची, जाड झालाय ना? कडाका वाढावा म्हणून देव पाण्यात घालून बसलेली अख्ख्या गल्लीत ती एकटीच. विल्फ खुर्चीत गुडघ्यांवर घोंगडी घेऊन बागेतल्या पांढऱ्या बुजगावण्यांकडे बघत बसायचा. वारा सुटायचा. तो काही बोलायचा नाही. काठीही वाजायची नाही. ग्लेनिसला वाटायचं, म्हातारा निवांत आहे. तिनं तळघरातून खोकी वर आणली आणि चांगले कप वर्तमानपत्रात गुंडाळायला घेतले.

एप्रिलात तिनं कापड सोडलं. केळीचा बुंधा हातात आला तो नासक्या कांद्यासारखा, वासानं मळमळावं असा. नेच्याच्या शेंड्यात बोट घातलं तर ओल्या तंबाखूसारखा लगदा. काचेवर काठी एकदा वाजली. ती आत गेली.

"नेचा गेला?" विल्फनं विचारलं.

"गेला. सगळंच गेलं, विल्फ. शब्द दिला होतास."

त्यानं नेच्याच्या उरलेल्या खोडाकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, "जूनपर्यंत थांब."

"वसंत म्हणाला होतास."

"ह्या डोंगरावर वसंत जूनपर्यंत चालतो, ग्लेनिस. इतकी वर्षं राहिलीस, एवढं ठाऊक नाही?"

तिनं एव्हिसला फोन केला. जून म्हण, ताई, पण जुलै नको म्हणू, एव्हिस म्हणाली. भरलेली खोकी जिन्याखाली रांगेत उभी होती. चांगले कप त्यांत. दोघं तडा गेलेल्या कपांतून चहा पीत राहिली.

आणि मग उगवायला लागलं. आधी कर्दळ, मातीतून लाल शिंगं काढून. मग सोनटक्क्याची गुलाबी नाकं. केळीच्या सडक्या खुंटाभोवती हिरवे सुळे, एक नाही, अख्खं टोळकं. ग्लेनिस रोज सकाळी बघायची आणि रोज एखादं जास्त दिसायचं. एका शनिवारी क्लाइव्ह लालबुंद होऊन दारात आला.

"ग्लेनिस, माझी हिरवळ येऊन बघ जरा!"

कागदाचं झाड त्याच्या हिरवळीत उगवलं होतं. वाटेच्या फरश्यांमधून, छपरीच्या बुडातून, भिंतीच्या दोन्ही बाजूंनी. केसाळ, ताजंतवानं.

"फावडं मारलंस ना मुळांना?" क्लाइव्ह म्हणाला. "अगं, विल्फ दर उन्हाळ्यात घसा फोडून सांगतो! मूळ तोडू नका, जितके तुकडे तितकी झाडं. ऐकलं नाहीस कधी?"

"मी चहा करत होते, क्लाइव्ह. तुझा."

ती खोकत घरात आली. विल्फ खिडकीत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण आश्चर्यही नव्हतं. तेच तिला खटकलं.

"तुला माहीत होतं," ती म्हणाली.

"पेंढा भरलेलं कापड वाऱ्यात फडफडत नाही, ग्लेनिस. तुझं पहिल्याच वाऱ्यात शिडासारखं फुगलं. मी दिवसभर दुसरं काय बघतो?"

"मग बोलला का नाहीस?"

"कशाला? वरचं मरतं, खालचं मरत नाही. वर्षानुवर्षं निबर झालेली मुळं आहेत ती. म्हटलं, हिची एकदा हौस फिटू दे. मग निवळेल."

"आणि नेचा? तो तर खालून येत नाही."

विल्फनं काठीची मूठ चोळली. त्याचे डोळे भरले होते, ते नाटक नव्हतं. "त्याच्यासाठी ओरडलो असतो तर तू बाकीच्यांची मुळं उकरून काढली असतीस," तो म्हणाला. "एक गेला तर गेला."

अख्खा हिवाळा. ती त्याच घरात सुटकेची स्वप्नं बघत कप गुंडाळत होती आणि हा माणूस खिडकीत बसून, आपला लाडका जीव मरू देऊन, तिच्या हौसेची घटका भरायची वाट बघत होता. तिच्यावर हात उगारला असता तर सोपं गेलं असतं. त्यानं तिला झाडासारखं वाढवलं होतं. वरून कितीही गोठू दे, मूळ इथेच.

ग्लेनिस छपरीत गेली. पेंढ्याची गासडी तिनं फरफटत आणली, गालिच्यावरून, काडीकाडी सांडत, आणि त्याच्या खुर्चीशी टाकली.

"हे काय?"

"पेंढा. नोव्हेंबरात लागेल."

"वेड लागलंय का? मी कसा भरणार?"

"नको भरूस. वरचं मरतं, खालचं मरत नाही. तूच म्हणालास."

"आणि माझं? माझ्या जेवणाचं काय?"

"आजचं ओव्हनमध्ये आहे. सोमवारपासून नगरपालिकेची मदतनीस बाई येईल. मी तिकडे जाऊन एव्हिसच्या फोनवरून सगळं ठरवते. तिकडे खिडकीशी दोन खुर्च्या मावतात, विल्फ. यायचं असेल तर ये. माझं इथलं झालं."

"महिन्याभरात परत येशील!" तो ओरडला. "तू ह्या घराची आहेस!"

तिनं खोकी तशीच सोडली. एक पिशवी घेतली, कोट चढवला. बसचा थांबा समोरच होता. तिथून घर दिसायचं, खिडकी दिसायची आणि आता भिंतीवरून डोकावणारी ती केसाळ पानंही. ती पाठ करून उभी राहिली. खोकला येत होता.

काच वाजली. एकदा. तिचा पाय हलला, सवयीनं. तिनं तो परत जागेवर आणून ठेवला.

मग दोनदा.

मग तीनदा. तीनचा अर्थ त्यानं तिला कधी सांगितला नव्हता.

चढावरून बस येताना दिसली. ग्लेनिसनं हात वर केला.